सात फुटी सल्ला

पहिली बेटकास्टिंग काठी कोणती घ्यावी, हा प्रश्न टेक्सासात चारचौघांत विचारू नये. एकट्याला गाठून विचारावा, आणि त्या एकट्याला कुठंतरी जायची घाई आहे याची आधी खात्री करून घ्यावी. इथं बास मासा पकडणारे लोक पुष्कळ, आणि न पकडता त्याविषयी बोलणारे त्याहून पुष्कळ. फुटबॉल, हवामान, ब्रिस्केट यांवर मतभेद झाले तर माणसं हसून विषय बदलतात. काठी साडेसहा फुटी की सात फुटी, यावर बदलत नाहीत.

खरं तर मला काठीची गरजच नव्हती. माझ्याकडं एक स्पिनिंगची होती. तिचं रीळ काठीच्या पोटाखाली लटकतं, फिरकी जागची हलत नाही, तंगूस तिच्यावरून सुटत जातो आणि आमिष जाऊन पाण्यात पडतं. डॅलसच्या उत्तरेला, आमच्या वसाहतीमागं एक तळं आहे. तिथं शनिवारी सकाळी उभं राहावं, एखाददुसरा बास ओढावा, सोडून द्यावा आणि पोह्यांना घरी यावं, असं सुरळीत चाललं होतं. अवघड काहीच नव्हतं. नेमका हाच त्या काठीचा दोष निघाला.

एका सकाळी आमचे निवृत्त शेजारी तळ्याकाठी आले. माझ्या हातातल्या काठीकडं त्यांनी बराच वेळ प्रेमानं पाहिलं.

"मुलाची वाटतं?"

"नाही, माझीच."

"ओके," ते म्हणाले.

टेक्सासचा माणूस 'ओके' फार लांबवून म्हणू शकतो. ते 'ओके' संपेपर्यंत मी बेटकास्टर घ्यायचं ठरवलं होतं.

बेटकास्टरचं रीळ काठीच्या वर बसतं आणि मुठीखाली बोट अडकवायला घोडा असतो. फेकताना रिळाची फिरकी स्वतः गरागरा फिरते. आमिष हवेत गेलं की हवा त्याला अडवते आणि त्याचा वेग कमी होतो. पण ही बातमी फिरकीला कुणी कळवत नाही. ती पहिल्याच उत्साहात फिरत राहते. बाहेर जायला वाव न उरलेला तंगूस आतल्या आत उलटा-सुलटा साठतो आणि क्षणात असा गुंता तयार होतो की त्याला इथले लोक 'बर्ड्स नेस्ट' म्हणतात. तो टाळायचा तर फिरकीवर अंगठा ठेवून तिला वेळीच आवरायचं. म्हणजे पैसे मोजून यंत्र घ्यायचं आणि ब्रेक आपल्याच अंगाला असायचा. शिवाय आतही चुंबकाचा एक ब्रेक असतो, शून्य ते दहा आकडे लिहिलेला. तो दहावर ठेवला तर आमिष पायाशी पडतं आणि शून्यावर ठेवला तर घरटं होतं. मधले सगळे आकडे जाणकारांसाठी.

हे रीळ मुळात घड्याळजींनी जगाला दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं दात्यांची चाकं बसवून अशी रिळं बनवली. तंगूस फिरकीवर सारखा पसरवणारी सोय १८९०च्या दशकात मिशिगनच्या कलामझू गावातल्या विल्यम शेक्सपिअर या गृहस्थानं काढली. (ते नव्हेत, हे दुसरे. शोकांतिका यांनी गिऱ्हाइकांवर सोपवल्या.) पुढं स्वीडनच्या ज्या 'आबू'ची रिळं जगभर गेली, तो कारखानाही १९२१मध्ये घड्याळांसाठीच निघाला होता. आणि या सगळ्या गुंत्याला वैतागून बटण दाबून फेकायचं, पोरासोरांनाही जमेल असं बंद तोंडाचं रीळ ज्यानं शोधलं, तो आर. डी. हल हाही टेक्सासचा घड्याळ दुरुस्त करणारा. त्याचं रीळ ओक्लाहोमातल्या तेलविहिरींसाठी बॉम्ब बनवणाऱ्या 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'नं बाजारात आणलं. तीच पुढं 'झेब्को' झाली. घड्याळजींनी गुंता केला आणि घड्याळजीनंच तो निस्तरला. मला मात्र निस्तरलेलं नको होतं. मला 'ओके' नको होतं.

दुकानात गेलो. मासेमारीचं दुकान म्हणजे काठ्यांचं अरण्य, आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाईक एक ठरलेला विधी करतं. काठी उचलायची, मुठीत धरून शेंडा थरथरवायचा, डोळे बारीक करायचे, मान हलवायची आणि काठी परत ठेवायची. या थरथरीतून काय कळतं ते कुणी विचारत नाही. मीही एक उचलली आणि थरथरवली. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी आदरानं विचारलं, "कशी आहे?"

"शेंड्याला जीव आहे," मी म्हणालो.

त्यांनी ती काठी माझ्या हातातून घेतली, मान हलवली आणि थेट गल्ल्यावर गेले.

विक्रेता विशीतला, टोपीवाला. त्याचा पहिलाच प्रश्न, "सर, फेकणार काय?"

"आमिष."

"कुठलं?"

इथं कळलं की बासचं आमिष ही एक वस्तू नसून एक जमात आहे. क्रँकबेट, स्पिनरबेट, जिग, रबरी बेडूक, रबरी गांडूळ. त्या एका गांडुळाच्या पुन्हा टेक्सास पद्धत, कॅरोलायना पद्धत, वॅकी पद्धत. प्रत्येकाला वेगळी काठी. क्रँकबेटला मऊ हवी, नाहीतर मासा निसटतो. बेडकाला ताठ हवी, नाहीतर मासा शेवाळात घुसतो.

"सगळ्याला एक चालेल अशी?"

"सात फूट, मीडियम हेवी, फास्ट." हे त्यानं एका दमात, मंत्र म्हणावा तसं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांगू सर? हेवी घ्या. माझी पहिली मीडियम होती. घाटाशी आणलेला मासा गेला माझा. आठ पौंडांचा." त्याच्या डोळ्यांत अजून तो मासा जात होता.

काठीच्या मुठीवर बारीक अक्षरांत तिची पत्रिका छापलेली असते. पॉवर म्हणजे ती वाकवायला जोर किती लागेल, ॲक्शन म्हणजे ती वाकेल कुठं. फास्ट असेल तर शेंड्याकडं, मॉडरेट असेल तर मध्यापर्यंत. तंगूस १२ ते २० पौंडांचा, आमिष ३/८ ते १ औंसांचं. आता या पत्रिकेशी रिळाची जुळवायची. गिअर ६.३:१, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की फिरकी सहा वेळा आणि वर थोडी फिरते. ७.१:१ चपळ. ८.१:१ अतिचपळ, मुलगा हुशार पण संसाराला जरा उतावीळ. काठीला मंगळ निघाला नाही एवढंच.

"रीळ डावं की उजवं?" विक्रेत्यानं विचारलं.

"मी उजवा."

"हो, पण रीळ?"

"उजव्या माणसाला उजवंच ना?"

"घेतात बरेच जण. मग उजव्या हातानं फेकायचं, काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या हातानं गुंडाळायचं."

"आणि डावं घेतलं तर?"

"तर हात बदलावा लागत नाही."

"मग सगळे डावंच का घेत नाहीत?"

त्यानं क्षणभर विचार केला. "पूर्वीपासून असंच आहे, सर."

साता समुद्रापार मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. विकत मात्र काही घेतलं नाही. आणखी एक-दोघांना विचारून येतो म्हणालो. त्या वाक्यानं पुढचा अख्खा वसंत ऋतू गेला.

शेजारी म्हणाले, "साडेसहा फूट. त्याच्यावर एक इंच नको." कारण विचारलं तर आभाळाकडं पाहायला लागले. त्यांच्या पत्नीनं नंतर सांगितलं की सात फुटी काठीनं त्यांनी मागं मेव्हण्याची टोपी उडवली होती. टोपीसोबत टोपही गेला आणि ते दोघं अजून बोलत नाहीत.

ऑफिसातला सहकारी लुइझियानाचा. त्यानं माझी मीटिंग मोडून सांगितलं, "एक्स्ट्रा हेवी. आणि ६५ पौंडांचा विणलेला दोर." त्याच्या लहानपणी एक राक्षसी बास कमळाच्या पानांत शिरला आणि दोर तुटला. तेव्हापासून तो ट्रॅक्टर ओढता येईल एवढ्या तयारीनं पाण्यावर जातो. मी म्हटलं, आमच्या तळ्यात कमळं नाहीत. तो म्हणाला, "येतील."

मराठी मंडळातल्या एका काकांनी एक्सेल पाठवली. काठ्या उभ्या, गुण आडवे. वजन, लांबी, कड्यांची संख्या, मूठ बुचाची की फोमची, आणि शेवटच्या रकान्यात दर इंची किंमत. "भावनेच्या भरात काही घ्यायचं नाही," त्यांनी बजावलं. "काका, तुम्ही कुठली वापरता?" "मी? अरे, मला पाण्याची भीती वाटते. पण मी एकदा तुलना न करता घर घेतलं होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातलं कुणीच माझ्यासाठी काठी निवडत नव्हतं. प्रत्येक जण स्वतःच्या जुन्या जखमेला मलम लावत होता. फक्त मलमाचे पैसे मी द्यायचे होते.

शेवटी देवगडला बाबांना फोन केला. त्यांचं सगळं आयुष्य खाडीच्या खडकावर बसून गरवण्यात गेलं. हातात तंगूस, त्याला शिसं, गरीला सुंगट. काठी नाही, रीळ नाही. तांबोशी लागली की तळहाताला कळते.

"काठी खयची? बांबूची?"

"नाही बाबा, कार्बनची. रीळ धरून अडीचशे डॉलर."

बाबांनी गुणाकार केला. "त्येच्यात होडयेचा इंजिन दुरुस्त झाला असता. बरा, मासो कसो लागता? सार करतत की तळतत?"

"सोडून देतात."

"कोणाक?"

"पाण्यात. परत."

फोनवर बराच वेळ नुसता समुद्र ऐकू आला. मग काळजीचा आवाज, "मासो आजारी असता काय रे?"

मी त्यांना समजावलं की इथं १९७०च्या दशकापासून स्पर्धावाल्यांनीच मासा जिवंत सोडायची चाल पाडली. टेक्सास सरकार तर १३ पौंडांवरचा बास हिवाळ्यात तुमच्याकडून उसना नेतं, बाळंतपण करून परत तळ्यात आणून सोडतं आणि तुम्हाला त्याची प्रतिकृती देतं. बाबा म्हणाले, "आमच्या पंचायतीक सांगतंय." त्यांचा मूड सुधारावा म्हणून जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. २ जून १९३२ला जॉर्जिया राज्यात या शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. सांगतात की त्याच्यात आणि त्याच्या मित्रात मिळून काठी एकच होती आणि आमिषही एकच. हा विक्रम पुढं ७७ वर्षं टिकला, आणि २००९मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची फक्त बरोबरी केली.

"आणि तो मासो?"

"वजन करून घरी नेला आणि खाल्ला."

"तो खरो माणूस," बाबा म्हणाले आणि समाधानानं फोन ठेवला.

काठी घेतली ती शेवटी सात फूट, मीडियम हेवी, फास्टच. म्हणजे पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेली. पण तेव्हा घेतली असती तर ती विचार न करता घेतलेली ठरली असती.

ही काठी एकसंध असते, मोडून दोन होत नाही. आमच्या गाडीत ती फक्त तिरपी बसते. मूठ मागच्या काचेशी, शेंडा माझ्या आणि बायकोच्या मधून थेट आरशापर्यंत. "ही मधे कोण बसलीये?" असं तिनं एकदाच विचारलं आणि पुढं महिनाभर ती गाडीत मागं बसली.

सराव अंगणात सुरू झाला. आमिषाऐवजी रबरी वजन. पुस्तकी नियम असा की फिरकीचा स्क्रू असा आवळायचा की वजन हळूहळू खाली उतरावं आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबावी. हे मला उत्तम जमलं. वजन जोवर सरळ खाली सोडायचं होतं तोवर माझ्या हातून एकही चूक झाली नाही. पहिल्या फेकीला रिळात असं काही घडलं की मुलगा आतून कात्री घेऊन आला. दुसऱ्या फेकीला वजन छपराच्या पन्हळीत. तिसऱ्या फेकीला फिरकी मधेच आवळली, तंगूस तट्दिशी तुटला आणि वजन वसाहत ओलांडून गेलं. तुटलेली फेक नेहमी सर्वात लांब जाते आणि दिसायलाही फार देखणी असते. शेजारी कुंपणावरून बघत होते. "छान जातंय," ते म्हणाले. "आता तंगूस जोडलेला ठेवून बघा."

रोज संध्याकाळी मी गुंते सोडवत बसे. बायको म्हणाली, "तू मासे पकडायला लागल्यापासून विणकाम छान करायला लागलास."

परवाना होताच. टेक्सासात १ जानेवारी १९३१च्या आधी जन्मलेल्या रहिवाशाला तो लागत नाही. माझ्या प्रगतीचा वेग पाहता ही सवलत माझ्यासारख्यांसाठीच ठेवली असावी. फक्त जन्म जरा उशिरा झाला.

मग लुइझियानाकर मला लेक फोर्कला घेऊन गेला. डॅलसच्या पूर्वेचं हे सुमारे २७ हजार एकरांचं तळं, पाण्यात बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांनी भरलेलं. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२मध्ये इथलाच. होडीत बसल्यावर सहकाऱ्यानं माझ्या काठीकडं दयेनं पाहिलं आणि काही बोलला नाही. मी फेकलं. वारा समोरचा. आमिष थोडं गेलं आणि पाण्यात पडलं. रिळावर मात्र घरटं झालं, तेही पिल्लांसकट राहता येईल असं. मी मान खाली घालून नखानं एकेक वेढा सोडवायला बसलो. रबरी गांडूळ तिकडं तळाशी निपचित पडून. त्याला मी हलवत नव्हतो, ओढत नव्हतो, कुठली पद्धत वापरत नव्हतो. आणि तंगूस आपोआप चालायला लागला.

"मासा!" सहकारी ओरडला. "गुंडाळ!"

गुंडाळणार कशावर? रीळ हलेना. मी काठी मांडीखाली दाबली, तंगूस तळहाताला वेढला आणि खाडीवर ओढतात तसा हातावर हात ओढत आणला. बास चांगला १५ इंच भरला. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, म्हणजे हा कायद्यानं घरी आणता आला असता. मी सोडला. बाबांना फोन केला तर त्यांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं.

"हातान ओढलंस मां?"

"हो."

"मगे काठी कित्याक व्हयी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून मंडळातल्या लोकांना एका रविवारी जेवायला बोलावलं, आणि काठी प्रत्यक्ष दाखवायला दिवाणखान्यात आणली. फेक कशी मनगटातून यायला हवी, हे सांगताना मी मनगट मागं नेलं. छताला पंखा होता. तो तिसऱ्या वेगावर होता. खट् असा आवाज झाला आणि शेंड्याचा तुकडा उडून कोशिंबिरीत पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रात्यक्षिकाचाच भाग वाटला.

दुकानात हमीचा कागद नेला. विक्रेत्यानं बारीक अक्षरं वाचून सांगितलं की त्यात मासा येतो, पंखा येत नाही. त्यानं तुटल्या टोकाला नवीन कडं चिकटवून दिलं. घरी मोजली. बरोबर सहा इंच गेले होते.

शेजाऱ्यांनी फीत स्वतः लावून पाहिली. "साडेसहा," ते म्हणाले. "सांगितलं होतं की नाही?"

शेंडा गेला की उरलेली काठी ताठ होते. सहकाऱ्यानं ती थरथरवली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हेवी झाली. आता शहाणा झालास." मंडळाच्या काकांनी एक्सेल सुधारून पाठवली, काठी आखूड झाल्यामुळं दर इंची किंमत वाढली होती आणि त्यांच्या मते माझी फसवणूक झाली होती. एकूण काय, सगळ्यांचे सल्ले खरे ठरले. असं समाधान फार थोड्या वस्तूंना देता येतं.

गेल्या आठवड्यात मंडळात एक तरुण भेटला. नुकताच ऑस्टिनहून बदलून आलाय. म्हणाला, "दादा, तुम्ही बासवाले ना? पहिली बेटकास्टिंग काठी घ्यायचीये. काय बघून घेऊ?"

मी त्याला बाजूला नेलं. लांबी, पॉवर, ॲक्शन, गिअर यांतलं काही काढलं नाही. खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरात छताला पंखा आहे का?"

"आहे. का?"

"तर मग माझं ऐक," मी म्हणालो. "टेबलफॅन घे."